डावा हात खिशात

प्रिय दादा,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. बाबांचा हात भाजला तेव्हा डिस्चार्जचा बल्ब उडालेला होता, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं नाही. बाबा तसं म्हणाले आणि मी तसंच लिहून टाकलं. नंतर तो बल्ब काढून स्वयंपाकघरात लावून पाहिला, तर लख्ख पेटला. माझ्या पत्रावर विसंबून तू लगेच वीज उतरवायचं, मीटर लावलेलं नवं साधन पाठवलंस. ते पोचलं. बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि खेळणं छान आहे म्हणाले. पण दादा, त्याचा काही उपयोग होणार नाही.

तुला यातलं सगळं माहीत आहे, तरी मी ओळीने लिहिते, म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर राहील. प्लग काढला तरी या जुन्या ॲम्प्लिफायरच्या पोटात वीज साठून राहते. त्या मोठ्या डबड्यांएवढ्या कपॅसिटरना बल्बच्या दोन तारा टेकवायच्या, बल्ब मिणमिणून विझेपर्यंत थांबायचं, तोवर कोणी बोलायचं नाही, आणि मगच हात घालायचा. तोही एकच, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. डावा हात खिशात. बाबांनी आपल्या दोघांना हे चालायला शिकवावं तसं शिकवलं होतं. आईने त्यांच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा पुन्हा पुन्हा शिवला आहे.

हात भाजला त्या दुपारी टेबलावर जुळ्या होत्या. बंद पडलेल्या नाचघरातून आणलेली ॲम्प्लिफायरची ती सारखी जोडी, जिच्या एका पेटीवर तू लहानपणी खिळ्याने रेघ मारलीस म्हणून मार खाल्ला होतास. बाबांनी नियमाप्रमाणे बल्ब लावला, पण रेघ असलेल्या पेटीला. ती कितीतरी दिवसांपासून बंद, विजेने रिकामीच होती, त्यामुळे बल्ब पेटला नाही. ते वळले आणि पाना लावला दुसरीला, जी त्यांनी नुकतीच वाजवून बंद केली होती. डावा हात खिशात नव्हता. तो पेटीच्या पत्र्यावर होता. मी बाहेर आईच्या शिलाईची बटणं निवडत बसले होते. फटाका फुटावा तसा आवाज आला. आत गेले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, तळहात काळा पडलेला, आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "कोणी चालू केली?"

हे मी तुला मागेच सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. मला तेव्हा कळलं नव्हतं. आता मागे वळून पाहते तेव्हा एकेक गोष्ट दिसते. पैलवान त्यांनी दोनदा उघडला. सर्वांत जड म्हणून ज्याचं नाव तू पैलवान ठेवलंस, तोच. पहिल्यांदा सुकून निकामी झालेले कपॅसिटर काढून नवे घातले, उत्तम घातले, सोल्डरिंगचे डाग इतके स्वच्छ की बघत राहावं. दुसऱ्यांदा नवे काढून तेच सुकलेले परत बसवले, तितक्याच स्वच्छ हाताने. मी ते पुन्हा बदलले. हल्ली ऑफिसातून आले की आधी त्यांच्या टेबलावरचं सगळं तपासते. त्यांनी केलेलं काम उलगडते आणि पुन्हा करते. ते चहा घेत माझ्याकडे बघतात आणि आईला म्हणतात, पोरीला आता नाद लागला बघ.

दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर चांगल्या होत्या, सावकाश बोलल्या. हात बरा होईल म्हणाल्या. विसरणं मात्र थांबणार नाही, वाढत जाईल, त्यांना धोक्याच्या कामापासून लांब ठेवा. आई म्हणाली, "कुठे ठेवू? कपाटात?" डॉक्टर हसल्या. आई हसली नाही. घरी येताना वाटेत मला म्हणाली, "तू शिकलीस, तूच ठरव." दादा, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. शाळा पुरी केलेली घरातली मी पहिली, तीही तू अर्ध्यात सोडून बाबांच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात पेट्या उचलायला लागलास म्हणून. तेव्हापासून घरात कागद आला की माझ्याकडे. ॲम्प्लिफायरची सर्किटं मी वाचायची आणि बाबांनी कान लावायचा. त्यात मला आनंद होता. पण हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, आणि तरी सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात.

मी काही कमी उपाय केले नाहीत. बाबांच्या कामाच्या खोलीचा फ्यूज काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी आले तर स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये उघड्या तारा, काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या, आणि तिथून वायर थेट खोलीत. आई शेजारी कणीक मळत होती. ओल्या हातांनी. फ्यूज मी त्याच दिवशी परत लावला. मग कुलूप घातलं. बाबा दाराशी पाहुण्यासारखे उभे राहिले, दोनदा टकटक केलं आणि मला हळूच विचारलं, "आत कोणी आहे का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी बिजागऱ्याच काढल्या. दार भिंतीला नीट टेकवून ठेवलं होतं, स्क्रू बशीत. हाताला सगळं आठवतं रे. आधी काय आणि नंतर काय, तेवढंच सांडतं.

मी नोकरी सोडून त्यांच्याजवळ बसावं असंही मनात आलं. आठवडाभर रजा घेऊन बसलेही. शेवटच्या दिवशी मी पाणी प्यायला उठले, परत आले तेवढ्यात पाठीमागचं झाकण उघडं आणि बाबांचा हात आत. नशिबाने त्या पेटीत वीज उरली नव्हती. मी ओरडले. बाबांवर मी ओरडले, दादा. ते घाबरून उभे राहिले आणि डावा हात खिशात घालून मान खाली घातली, तू घालायचास तशी. तेव्हापासून ऑफिसात फोन वाजला की मी आधी पर्स उचलते. आई म्हणते, खोली रिकामी केलीस तर तो माणूस महिन्यात जाईल. डॉक्टर म्हणतात, नाही केलीत तर त्याच्याही आधी. दोघींचं बरोबर असावं असं मला वाटतं, आणि तिथेच माझं डोकं बंद पडतं.

तुझं नाव त्यांच्याकडे निघत नाही असं समजू नकोस. तू घर सोडून गेलास त्या दिवशीचं भांडण त्यांना शब्दन् शब्द आठवतं. तू म्हणाला होतास, हे भंगार उचलायला चार माणसं लागतात, माझा नवा ॲम्प्लिफायर मी एका हाताने उचलतो. आणि ते म्हणाले होते, एका हातात मावतं ते वाजत नाही, किणकिणतं. हे ते आलेल्या-गेलेल्याला सांगतात आणि स्वतःच हसतात. मग रॅककडे बघून म्हणतात, "त्याला एकदा मोठं मैदान मिळू दे. येईल पेट्या मागायला." काल हेच त्यांनी मला तीनदा सांगितलं. ते तिसऱ्यांदा सांगत होते तेव्हा मला वाटलं, ही सगळी राखण ते कोणासाठी करत आहेत ते मला इतकी वर्षं दिसत होतं आणि तरी मी बघत नव्हते.

आता पत्राचं कारण लिहिते. ऑफिसजवळच्या तंत्रशाळेत एक सर आहेत. ते असे जुने ॲम्प्लिफायर मोडत नाहीत, दुरुस्त करून वाजते ठेवतात. ते सगळे घ्यायला तयार आहेत. पण बाबा कोणालाही देणार नाहीत, फक्त तुला देतील. म्हणून मी त्यांना सांगणार आहे की तुला मोठ्या मैदानाचं काम मिळालंय आणि तुला सगळ्या पेट्या हव्या आहेत. मी त्यांच्याशी आजवर खोटं बोलले नाही. याचं पाप कसं फेडायचं मला माहीत नाही. ते आनंदाने वेडे होतील, स्वतः वायरी गुंडाळतील, प्रत्येक पेटी पुसून गाडीत चढवतील. मग विचारतील, तो स्वतः का नाही आला. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मला खोटं देता येणार नाही. तू यावंस अशी मी सक्ती करत नाही. त्यांचा फोन आला तर निदान हो म्हण. पण गाडीत ड्रायव्हरशेजारी तू बसलेला असशील तर पेट्या नंतर कुठे जातात हे ते विचारणार नाहीत, आणि माझ्या सांगण्यातलं अर्धं तरी खरं होईल. गाडीवाल्याला मी सांगून ठेवलंय, तंत्रशाळेच्या सरांनाही कळवलंय, आता मागे फिरणार नाही. गाडी येत्या एकोणीस तारखेला, गुरुवारी सकाळी दारात उभी राहील.

तुझीच,
धाकटी