कराराबाहेरचा दात

प्रिय ठकू,

वर 'महोदया' नाही आणि कोपऱ्यात जावक क्रमांकही नाही, हे पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यावरच गेलाय, कुरकुरत का होईना काम करतो. आज रविवार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय, समोर चहा निवत चाललाय आणि हा तिसरा कागद आहे. पहिले दोन 'उपरोक्त विषयास अनुसरून' असे सुरू झाले म्हणून फाडले. सवय काही सुटता सुटत नाही.

आपल्या दोघांत पत्रं अशी कधी नव्हतीच. फोन होता, तोही म्हणण्यापुरता. तू करायचीस, मी उचलायचो, "बरी आहेस ना?" विचारायचो, तू "हो" म्हणायचीस आणि मी म्हणायचो, "थांब, आईला देतो." मग पेपर उघडून बसायचो. तासभर एकच पान. आई कुठे हसते, कुठे आवाज बारीक करते, त्यावरून तुझ्याकडची हवा ओळखायचो. फोन ठेवला की ती भाजी चिरता चिरता मला चार वाक्यांत सगळं सांगायची. इतकी वर्षं तू मला अशी सारांशात मिळालीस, आणि माझं त्यात काही अडलं नाही, हेही खरं. आई गेल्यावर तुझा पहिला फोन आला तेव्हा मी सवयीनं "थांब" म्हणालो आणि फोन हातात धरून ओट्याकडे वळलो. तिकडे तुला कळलं, इकडे मला कळलं. थोड्या वेळानं तू म्हणालीस, "बाबा, ठेवते." त्यानंतर फोन विरळ होत गेले. भांडण नव्हतं, राग नव्हता. द्यायला कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

आणि मग ते दात आले. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. आई म्हणायची ना, यांच्याकडे चिमूटभर मीठ मागावं तर आधी समुद्र सांगतील. तू पहिलीत होतीस तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं शहरातल्या मुलांचे दुधाचे दात गोळा केले होते. पाण्यातून, हवेतून मुलाच्या अंगात काय काय जातं ते दात लक्षात ठेवतो म्हणे. आईबापांना लेखी शब्द दिला होता, की दात फक्त याच अभ्यासाला वापरू, विकणार नाही, आणि मुलांची नावं कुणाला सांगणार नाही. त्या शब्दाचा मसुदा माझा. करार विभागात मी तेव्हा नवाकोरा होतो, आणि उत्साह असा की अख्ख्या गल्लीतले दात गोळा करून आणले. फक्त घरचा मिळाला नाही. तुझा पहिला दात पडला तेव्हा आईनं मूठ मिटली ती मिटलीच. विज्ञानाला म्हणावं दुसऱ्या कुणाचा दात शोध, म्हणाली. ऑफिसात मला आठवडाभर सगळे विचारत होते, काय साहेब, स्वतःच्या घरात दात पडत नाहीत का?

बाकीचे दात अजून तळघरातल्या कपाटात आहेत. कप्पा ओढला की आतल्या कुप्या बारीक आवाजात खुळखुळतात. त्यातले काही तू काम करतेस त्या तुमच्या प्रयोगशाळेला हवे होते. फाइल तुझ्या प्राध्यापकांच्या नावानं आली, तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यांनी पत्रव्यवहार तुझ्याकडे सोपवला आणि एका सकाळी माझ्या टेबलावर पत्र येऊन पडलं. 'माननीय महोदय, कलम चारबाबत आमचं म्हणणं पुढीलप्रमाणे आहे.' खाली तुझं नाव आणि सासरचं आडनाव. मी ते उभ्यानंच वाचलं. नियम सरळ आहे. समोरच्या बाजूला आपलं माणूस असेल तर सांगायचं आणि बाजूला व्हायचं. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवतो. पण तुझं पूर्ण एक पान माझ्या हातात होतं, सारांश नव्हे, सगळंच्या सगळं. एवढ्या एका पत्राला उत्तर देऊ आणि मग सांगू, असं ठरवलं. लिहिलं, 'महोदया, आपलं पत्र मिळालं.' तुझं लगेच उत्तर आलं, तेही 'महोदय'. तू पण तिकडे तोंड उघडलं नव्हतंस. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय.

मग आपण त्या कलम चारवरून जे भांडलो! मी म्हटलं होतं, प्रत्येक दाताचा अर्धाच भाग वापरा, अर्धा परत करा, मुलांनी तो आपल्याला सांभाळायला दिलाय. तू लिहिलंस की तपासणीसाठी दात दळावा लागतो आणि पिठाचे पुन्हा दाणे करून देण्याची सोय आमच्याकडे नाही. मी लिहिलं, मग अर्धाच दळा. तू यंत्राची दोन पानी माहिती पाठवलीस. मी ती शब्दकोश घेऊन वाचली आणि तुझ्याच माहितीतून दाखवून दिलं की अर्ध्यात भागतं. फार लहान दातांचं भागत नाही, ते तू दाखवून दिलंस. शेवटी ठरलं, मोठे दात उभे कापायचे आणि लहानांना हात लावायचा नाही. त्या पत्रात तुझं एक वाक्य होतं, 'आपलं म्हणणं बरोबर आहे, परंतु आमचं अधिक बरोबर आहे.' मी भर ऑफिसात मोठ्यानं हसलो. माझ्या समोर बसणाऱ्या वकीलबाई बघतच राहिल्या. त्यांना काय सांगणार, की हे आमच्या घरात रोज ऐकू यायचं, चपात्या लाटताना.

त्या दिवसापासून मी वाट बघायला लागलो. ते पहिलं सोडलं तर तुझी पत्रं यायची संगणकावर. मी ती छापून घ्यायचो, फाइलसाठी म्हणून, आणि मग घरी आणून वाचायचो. तुझ्याबद्दल मला किती काय कळलं! तू तिसऱ्या परिच्छेदात चिडतेस आणि चौथ्यात शांत होतेस. गोलगोल बोललेलं तुला खपत नाही. एकदा पत्रात चुकाच चुका होत्या, तारीखसुद्धा मागच्या महिन्याची. तुला ताप असणार, असं मला वाटलं. विचारणार कसं? महोदयांना महोदयेची तब्येत विचारता येत नाही. मी शेवटी एक ओळ घातली, 'उत्तराची घाई नाही.' नोकरीत असं वाक्य मी कधी लिहिलेलं नाही. तुझं उत्तर आलं, 'सवलतीबद्दल मनापासून आभार, आता ठीक.' ते 'आता ठीक' मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मग ती टूथपेस्टवाली कंपनी मध्ये आली. तुमच्या कामाला पैसा त्यांचा, त्यामुळे त्यांना एक कलम वाढवून हवं होतं, दात देणाऱ्यांची नावं आणि पत्ते, म्हणजे त्यांना पत्र पाठवून जाहिरात करता येईल. मी कंबर कसून बसलो होतो, पण त्याआधी तुझंच पत्र आलं. आमची प्रयोगशाळा ही मागणी करणार नाही, असं सरळ लिहिलं होतंस. 'ती मुलं मोठी झाली असली तरी त्यांना दिलेला शब्द मोठा होऊन कुठे निघून गेलेला नाही.' आणि खाली, जाता जाता, की त्यामुळे आमच्याकडे एक यंत्र कमी येईल. असल्या करारांना मंजुरी देणाऱ्या आमच्या नैतिकता समितीत मी ते वाचून दाखवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, तिकडे कुणीतरी सरळ माणूस बसलेलं दिसतंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिलो, रिकामा झाला तरी. पोटच्या पोरीचं कौतुक होत होतं आणि बापाला 'ही माझी' म्हणायची सोय नव्हती. ती सोय मीच घालवली होती, तुझी पत्रं मिळत राहावीत म्हणून.

झालं, कलमं संपली. पुढच्या आठवड्यात सह्या होणार होत्या. एका बाजूला तुमची, दुसऱ्या बाजूला माझी. फाइल समोर ठेवून बसलो आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. कंपनी आधीच दुखावलेली. उद्या कुणी शोधून काढलं की देणारा बाप आणि घेणारी लेक, तर करार बाद, तुझं दोन वर्षांचं काम बाद, आणि तुझ्या त्या ताठ पत्रालाही लोक म्हणणार, घरचंच होतं सगळं. माझ्या हौसेपायी तुझं नाव मातीत जायला नको. आमच्या अध्यक्षबाई प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विचारतात, कुणाचा कशात हितसंबंध आहे का? हजेरीसारखं असतं ते, सगळे मान हलवतात आणि पुढचा विषय सुरू होतो. शुक्रवारी मी उभा राहिलो. म्हणालो, "त्या प्रयोगशाळेच्या वतीनं लिहिणारी बाई माझी मुलगी आहे."

वकीलबाईंचं पेन थांबलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? मी सांगितलं, पहिल्या पत्रापासून. त्या रागावल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. मला लेखी ताकीद मिळेल, नोकरीतली पहिली. लाज वाटायला हवी होती, वाटलीही, पण ठकू, खरं सांगू का, 'माझी मुलगी आहे' हे इतक्या लोकांसमोर म्हणताना मला इतकं बरं वाटलं की आणखी एकदा विचारलं असतं तर आणखी एकदा सांगितलं असतं. मग नियमाप्रमाणे मी खोलीबाहेर गेलो आणि बाकावर बसलो. आत तुमचा विषय चालू होता. दाराबाहेर ऐकू येत नव्हतं, पण कान तिकडेच होते. पेपर तेवढा हातात नव्हता.

फाइल आता वकीलबाईंकडे आहे. प्रत्येक कलम त्या नव्यानं वाचतील, दोनेक महिने जातील, पण बाई कडक आणि न्यायी आहेत. तुमच्याकडेही त्या कळवतील, तेव्हा त्यांचं पत्र पोचण्याआधी तू स्वतः प्राध्यापकांना सांगून टाक. बोलणी खा, माझ्यावर ढकल, मला चालेल.

यापुढे त्या दातांविषयी मला तुझ्याशी एक अक्षर बोलता येणार नाही. मी तो नियम दोनदा वाचला. त्यात 'सदर विषयाबाबत' असं म्हटलंय. बाकीच्या विषयांना बंदी नाही. अडचण एवढीच की बाकीचे विषय मी कायम आईकडे देत आलो, त्यामुळे मला ते नीट येत नाहीत. रात्री तू काय जेवतेस, जावईबापू अजून आंघोळीत बेसूर गातात का, आईची आठवण तुला कशानं येते. मला बरणीचं झाकण सहज उघडलं की येते, कारण ते ती घट्ट लावायची आणि मी उघडायचो. माझा हा एवढा एक विषय तयार आहे. महोदया लिहायच्या बंद होणार, हे कळल्यापासून घर मला फार मोठं वाटायला लागलंय, म्हणून हे पत्र. फोन कर. मी 'थांब' म्हणणार नाही. आणि एक राहिलं. मागच्या महिन्यात आईचा बटणांचा डबा उपडा केला, शर्टाला बटण हवं होतं. तळाशी कापसात गुंडाळलेला तुझा दात निघाला, तोच, आईनं मुठीत मिटलेला. अख्खा आहे, कुणी कापलेला नाही, कुठल्या करारात नाही. या पाकिटात घातलाही होता, पण विनाकरार नमुना टपालानं पाठवू नये, असं जन्मभर लोकांना सांगत आलो, आता कुठे तोंड लपवू? म्हणून परत काढून डब्यात ठेवलाय. ताबा माझा, मालकी तुझी. न्यायला तुलाच यावं लागेल.

तुझाच,
बाबा