आईच्या दोन बांगा

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

ताईच्या बाळंतपणात पेणच्या दवाखान्यात शेवटी नर्सनेच ओढून बाळ काढलं आणि त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. आम्ही केस केली. दवाखान्याच्या कागदावर मात्र लिहिलंय, डॉक्टर दहा मिनिटांत आले. वकील म्हणाले, सोबत आई होती, तिचं प्रतिज्ञापत्र करा, वेळेसकट.

घरातली पहिली बी.ए. मी. ऐटीत लिहिलं, "सायंकाळी सात ते साडेआठ डॉक्टर आले नाहीत." वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "सात कवा म्हटलं गो मी? मला घड्याळ कळतं काय? पोचलो तवा दिवेलागणीची बांग झाली. दुसरी, रातची झाली तरी डाक्टर नाय."

बांग! लहानपणी खेळत असलो की मशिदीची तीच बांग ऐकून ती हाक मारायची, "पुरे गो, या घरात!" किती वर्षांनी आठवली ती हाक. आणि मी त्या बांगेचे सात वाजवून टाकले. कोर्टात कुणी तिच्यापुढे घड्याळ धरलं असतं तर? माझ्या शहाणपणाने ताईची केस बुडाली असती.

खोडलं. दोन्ही बांगा लिहिल्या, त्यांच्या त्या दिवसाच्या वेळा मशिदीतून मिळतीलच. पुन्हा वाचून दाखवलं.

"आता माझं हाय," आई म्हणाली. "उद्या वकिलाकडं अंगठा देते."