मिठाच्या पाण्यातला गळ

अण्णा, तुमचा शेवटचा गळ मी तळ्यात घालवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच आशा वाटायला नको. नांदेडहून तुमचा धाकटा आला होता तेव्हा त्यानं तो तुमच्याच तपकिरीच्या डबीतून काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "अक्का, माझी बोटं आता वळत न्हाईत. हे बघून दोन कर, एक तुला, एक मला. पण अण्णाचा मला वापस पाहिजे बरं." रविवारी तो लातूरला येतोय. मला गळ जमले का, ते बघायला येतोय, आणि तुमचा न्यायला.

तुम्ही मागच्या अंगणात वीट मांडून बसायचात ते मला आज दिसतं. आईनं स्वयंपाकघरातून केव्हाच हाकललेलं असायचं. "माझ्या पळीत शिसं वितळवलं, तर त्याच पळीनं तुमालाच आमटी वाढीन," ती आतून ओरडते आहे आणि तुम्ही हसत भंगारातल्या डब्यात शिसं वितळवता आहात. साच्यात गळ आडवा ठेवलेला, डोक्याशी तारेचे दोन केस उभे. त्यांच्या बुडाशी शिसं ओतायचं, थंड झालं की मागं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांची झालर बांधायची. ते दोन केस गळाच्या टोकापुढं पहारा देत. जलपर्णीत कितीही आत टाका, पान अडकायचं नाही. मरळ माशानं तोंड मारलं की मात्र केस दबायचे आणि टोक लागायचं. ती तार कुठली होती, हे मला कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी कळलं. माझ्या सायकलच्या ब्रेकची! उतारावरून मी थेट सिस्टरच्या मेंदीच्या कुंपणात. हात खरचटलेले, वर सिस्टरचं इंग्रजीतलं व्याख्यान. घरी येऊन मी जे तोंड सोडलं ते तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि शेवटी एवढंच म्हणालात, "माय, तार मातर लई झकास निघाली."

इथं लातुरात मी टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणले. त्यानं विचारलं, "मॅडम, तुमाला कशाला?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" निवृत्त मुख्याध्यापिका गच्चीवर मासे धरायचे गळ ओततेय, हे शेजारणींना कळलं असतं तर भिशीला वर्षभर दुसरा विषय नको होता. त्यांना सांगितलं, मुंग्यांचं औषध करतेय. गळ दिसायला देखणे झाले, अगदी तुमच्यासारखे. फक्त तार मी दुप्पट घातली, कारण थोडक्यात भागवणं मला कधी जमलं नाही.

काल औशाच्या अलीकडच्या तळ्यावर गेले. अर्धं तळं जलपर्णीनं झाकलेलं. माझे गळ पानांतून सुरेख सरकत होते आणि मरळ तोंड मारून तितक्याच सुरेख परत जात होती. पहारा एवढा कडक की चोर काय, पाहुणाही आत येईना. काठावर म्हशी घेऊन एक बाई बसली होती. ती म्हणाली, "मावशी, मासे धरून राहिलात का त्यास्नी चारून राहिलात?" मला झोंबलं. घरी परत यायचं सोडून मी डबी उघडली आणि तुमचा गळ बांधला. दुसऱ्याच फेकीला पाणी फुटलं, काठी वाकली. तुमचा नियम मला पाठ आहे, अण्णा: मासा लागला की तोंड बंद, काठी वर. श्वास न घेता पानांवरून ओढत आणायचा, खाली मुळांत जाऊ द्यायचा नाही. आणि मी काय केलं? मान वळवून त्या बाईला म्हणाले, "बघितलंस? आता बोल!" तेवढ्यात मरळ मुळांत शिरली. तंगुसाचा दोरा तुटला. ती बाई उठून आली आणि साडी खोचून गुडघाभर पाण्यात काठीनं ढोसून शोधत राहिली. मी काठावर कोरड्या पायांनी उभी.

रात्रभर संताप केला, तळ्यावर, तंगुसावर, त्या बिचाऱ्या म्हशींवरसुद्धा. सकाळी उठून नवा गळ ओतला. या वेळी दोनच केस, तुमच्या गळाचे मला आठवत होते तेवढेच पातळ. बोटानं दाबून पाहिलं. हलकेच दबले, आणि टोक बोटात गेलं.

आता तो वाटीत मिठाच्या पाण्यात पडलाय, तार गंजावी म्हणून. शिशाला काजळी चोळून झाली. डबी तुमचीच आहे, धाकट्याची नजर अधू झालीय, त्याला ओळखू यायचा नाही. तो हातात धरून कपाळाला लावील, आणि मी चहा टाकायला आत जाईन.

तो गळ चांगला झालाय, अण्णा. माझ्या हातचा पहिलाच खरा. आयुष्यभर जमलं ते मी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं आणि हेच नेमकं कुणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला. हे पत्र घालायला पाकीट काही मी आणलेलं नाही. मघापासून दोनदा उठून वाटीत बघून आले. तार अजून चमकतेय.