कपाटाखालच्या सहा फरश्या

नाना,

भिंगारच्या बंगल्यात फरशी बसवून दीड महिना झाला, पैसे आज मिळाले. मालक निवृत्त आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. मी बिल दिलं त्या दिवशी त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि वाकून प्रत्येक फरशी वाजवत फिरले. खाली माल भरलेला नाही, पोकळ आहे असं वाटलं की तिच्यावर खडूनं गोल. एकवीस गोल काढले. सगळे चुकीचे. "सर, हा भरीव आवाज आहे," मी म्हणालो. "आता तू मला आवाज शिकवणार?" मी पन्नाशीचा आहे, नाना. नंतर दर आठवड्याला गेलो. "चहा घे, पैशाचं बघू." त्या चहावरची साय मी बोटानं काढून बशीत ठेवायचो.

आज गोलांचा विषय निघालाच नाही. सर म्हणाले, "कपाटाखालची फरशी बिलाच्या मापात का धरली? तिथं कोण चालणार आहे?" आतून बाई म्हणाल्या, "अहो, झुरळं चालतात की." दोघंही हसले. मी म्हणालो, "मग सरकवा कपाट. माझ्या सहा फरश्या उखडून घेऊन जातो." कपाट भिंतीएवढं, कपड्यांनी आणि भांड्यांनी गच्च भरलेलं. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग आत गेले, अंगठ्याला थुंकी लावत नोटा मोजल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. ओलसर होत्या. बाहेर आल्यावर नळाखाली हात धुतला.

तुम्ही गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः नाणं काढायचात. संगमनेरचं ते दूधवाल्याचं घर. मी विशीतला, तुमच्या हाताखाली शिकणारा. तुम्ही सकाळीच गुडघ्यांवर बसून आदल्या दिवशीचं काम वाजवत निघालाय, आणि कोपऱ्यातली एक फरशी डबडब वाजते. मीच बसवलेली. मी म्हणतो, "नाना, हितं पेंडीची पोती येनार हायेत. कुनाला कळतंय?" तुम्ही छिन्नी माझ्यापुढं सरकवता. "तुला कळलं न्हवं? मंग काढ." मी काढतो. दूधवाला दारात उभा राहून बघतो, आणि मला तुमचा इतका राग येतो की दुपारी तुमच्याशेजारी बसून भाकरी खात नाही.

सरांची मला किळस येते. ती जाईल असं वाटलं होतं. पैसे मिळाले, तरी गेली नाही. घरी आल्यावर हात पुन्हा धुतला.

त्या कपाटाच्या खोलीत कामाच्या शेवटच्या दिवशी कालवलेला सिमेंटचा माल संपत आला होता. सहा फरश्यांसाठी नवी गोणी फोडायचा कंटाळा आला. मधोमध एकेक गोळा ठेवला, वरून फरशी दाबली, कोपरे रिकामेच सोडले. दुसऱ्या दिवशी तिथं कपाट आलं. आज मी "सरकवा" म्हणालो तेव्हा माझा आवाज चांगला खणखणीत होता. त्यांनी सरकवलं असतं तर एका नाण्यात सगळं कळलं असतं.

हे मापवहीच्या मागच्या पानावर लिहितोय. पान फाडणार नाही. त्या सहा फरश्यांना मी नाणं लावलंच नाही, नाना. मला माहीत होतं.