समुद्राचा काठ

अण्णा नगर, चेन्नई

प्रिय स्वरदा,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ थांबले. खोडलं नाही, एवढं समजून घे.

सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या नोकरीसाठी तू पुण्याहून आलीस आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहायला लागलीस, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! सून तमिळ, मुलाला मराठीचा कंटाळा. नात हरिणी तेवढी माझ्याशी आमच्या तंजावरी मराठीत बोलायची. तू संध्याकाळी रसम-भात जेवायला खाली यायचीस आणि आमचे शब्द विचारायचीस. मीही हौसेने सांगायचे. आमच्या घरात नदीला काठ, तळ्याला काठ, विहिरीला काठ आणि समुद्रालाही काठच. तमिळमध्ये सगळ्यालाच करै म्हणतात, तीच सवय आम्हाला लागली असेल. बेझंट नगरला लाटांत पाय भिजवतानाही माझ्या आईच्या तोंडी ‘किनारा’ कधी आला नाही. तू म्हणालीस, किती गोड! मला ते खरं वाटलं.

मग मराठी मंडळाच्या गणपतीत तू स्टेजवर उभी राहिलीस. माझा हेल काढलास, माझ्यासारखी मान हलवलीस आणि सगळ्यांना समुद्राच्या काठाला चला म्हणालीस. लोक हसून लोळले. वर म्हणालीस, ही माणसं उद्या आभाळालाही काठ लावतील. मी दुसऱ्या रांगेत होते, स्वरदा. चारचौघांत शोभा नको म्हणून मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, हे ऐकून होते. पण ती इतकी गोड बोलतात, हे मला माहीत नव्हतं. फार लागलं मला ते. अजून लागतं.

माझं काय, मी गिळलं असतं. पण हरिणी माझ्या शेजारीच बसली होती. त्या दिवसापासून मी मराठीत विचारते आणि ती तमिळमध्ये उत्तर देते. काल कारण विचारलं, तर म्हणाली, आजी, आपली मराठी चुकीची आहे, स्वरदाताईलाच खरी येते. पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो ते चूक कसं असेल, हे मी परोपरीने सांगितलं. तिला पटत नाही. तुझं पटेल. एवढ्यासाठीच हे लिहिते आहे, नाहीतर गच्चीवर जाताना तुझ्या दारावरून मान खाली घालून जातेच आहे. माफी मला नको. रविवारी ये, हरिणीजवळ बस आणि आजी चुकली नव्हती, एवढं तिला सांग. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

एके काळी तुझीच,
कनकाअक्का