बाबा डब्यातून उतरेनात

नागपूर,
सोमवार

प्रिय सिंधूताई हिस,

धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही जयभीम सांग. त्यांचा गुडघा आता बरा असेल आणि मिरच्या वाळत घालायला गच्चीवर चढणं त्यांनी बंद केलं असेल (नसेलच). इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. भावनाची दातदुखी गेली, दातासकट गेली. वेदिकेची उंची दोन इंच वाढली, मार्क होते तिथेच आहेत. पाकीट पाहून तुला धसका बसला असेल, कारण आजकाल पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं. पण मी तरी काय करणार? फोनवर बाबांचं नाव काढलं, की तू 'कुकर लावलाय' म्हणून फोन ठेवून देतेस. तुझ्या नव्या घराला चार वर्षं झाली, बाबा अजून एकदाही तिथे आले नाहीत, आणि ते आल्याशिवाय तू नागपूरला पाय ठेवणार नाहीस, हे सगळं मला मान्य आहे. पण या चार वर्षांत तू एवढे कुकर लावलेस, की अख्ख्या भिवापूरच्या पंगती उठल्या असत्या. म्हणून हे पत्र. हे मधूनच ठेवता येत नाही. (ठेवलंस तरी दुपारी पुन्हा उघडशील, मी तुला ओळखतो.)

तर झालं असं, की वेदिकेच्या शाळेनं 'आपल्या शहराचा वारसा' म्हणून प्रकल्प दिला. भावना म्हणाली, मोतीबागेत छोट्या गाडीचं, म्हणजे आपल्या नॅरोगेजचं म्युझियम आहे, घरात छोट्या गाडीचा रिटायर्ड गार्ड आहे, मग वारसा शोधायला इंटरनेटवर कशाला जायचं? काल रविवारी सकाळी बाबांना विचारलं, तर ते पेपरामागूनच म्हणाले, "पस्तीस वर्षं ज्या गाडीले मी झेंडी दाखवली, ती पाह्यले आता तिकीट काढू?" आणि पेपराचं पान उलटलं. आम्ही समजलो, येत नाहीत. दुपारी कुलूप लावायला निघालो, तर हे दारात उभे. गार्डाचा पांढरा कोट अंगात, इस्त्री कडक. वरची तीन बटणं लागलेली आणि खालच्या दोघांचा पोटाशी काही केल्या समझोता होत नव्हता. हातात ती कॅनव्हासची जुनी पिशवी. आत काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "ड्युटीचं सामान." ऑटोवाल्यानं त्यांना तीन वेळा सॅल्यूट ठोकला आणि मीटरपेक्षा तीस रुपये जास्तच घेतले.

तिकिटाच्या खिडकीवर प्रेमिलाबाई म्हणून एक बाई होत्या, फार समजूतदार. बाबांनी त्यांना "मी स्टाफचा माणूस आहो" म्हणून सांगितलं. त्यांनी हात जोडले, साहेब या म्हणाल्या आणि मला डोळ्यांनीच चौथ्या तिकिटाची खूण केली. मी गुपचूप काढलं. आत गेल्यावर पहिला अर्धा तास चांगला गेला. बाबा एकेका पाटीपुढे उभे राहायचे, चष्मा वर करून सगळा मजकूर वाचायचे आणि "बरोबर लिवलं हाय" असं म्हणून पेपर तपासल्यासारखे पुढच्या पाटीकडे जायचे. इंजिनाचा इंजेक्टर कसा चालतो, कंदिलाचा हिरवा कसा आणि लाल कधी, हे त्यांनी वेदिकेला असं समजावलं, की तिची वही भरत आली. (माझी दहावी त्यांनी अशी घेतली असती तर मी आज हेडक्लार्क नसतो. असो.) पण मग त्यांच्यातला गार्ड पुरता जागा झाला. काटोलहून आलेलं एक कुटुंब डब्यापुढे फोटो काढत होतं. बाबांनी जाऊन त्यांची तिकिटं मागितली. पांढरा कोट बघून त्या बिचाऱ्यांनी पटापट काढूनही दिली. एका काकांचं सापडेना, तर ते सगळे खिसे उलटे करून घामाघूम झाले, "साहेब, आत्ताच होतं" म्हणू लागले, आणि बाबांनी "पुढच्या डावाले ध्यान ठेवा" म्हणून त्यांना माफ केलं. मी एका खांबामागे उभा राहून, आपण या गृहस्थांना ओळखत नाही असा चेहरा केला. वेदिकेनं लांबून "पप्पा, आजोबा बोलवून राहिले" अशी हाक मारून तोही पाडला.

नंतर वेदिकेला तिथल्या छोट्या खेळण्यातल्या गाडीत बसायचं होतं. लहान मुलांची गाडी असली तरी पालक सोबत हवेत म्हणून आम्ही दोघंही बसलो. (भावना सुटसुटीत बसली. मला गुडघे कानाशी घ्यावे लागले.) फेरी संपवून उतरलो, तर बाबा नाहीत. ताई, पहिली पाच मिनिटं मी रागावलो, पुढची दहा मिनिटं घाबरलो. बाथरूममध्ये पाहिलं, बाकांवर पाहिलं, फाटकाशी पाहिलं. इंजिनाखाली तर वाकून पाहिलं, का कोण जाणे. पँटला तेल लागलं ते अजून निघालेलं नाही. शेवटी भावनाला ते सापडले. ज्या डब्यात लोकांना चढू देतात, त्या डब्यात लाकडी बाकावर खिडकीशी बसले होते. पिशवी मांडीवर, नजर बाहेर.

"बाबा, चला नं, पाच वाजले," मी म्हणालो.

"भिवापूर आल्यावर उतरीन," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच उत्तर. आमच्या गल्लीतले कृष्णकांत काका असेच एक दिवस स्वतःच्या दारात उभे राहून स्वतःच्या मुलाला "कोण पाह्यजे?" म्हणाले होते, ते डोळ्यांपुढे आलं. भावनानं पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आज वार कोणता?" तर म्हणाले, "ज्याले त्याले सुट्टी हाय, म्हंजे रविवार." यावरून काहीच ठरेना. तेवढ्यात प्रेमिलाबाई आल्या. बंद करायची वेळ झाली होती, पण बाबांकडे एकवार बघून त्या म्हणाल्या, "बसू द्या दहा मिनिटं, मी इथंच आहे," आणि दाराशी उभ्या राहिल्या.

वेदिका मात्र आजोबांसमोर फतकल मारून बसली, वही उघडली आणि विचारलं, "आजोबा, भिवापूरले काय हाय?"

"तुही आत्या हाय," बाबा म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "प्रेमानंद, बस गा. भावना, तू बी बस वं." आम्ही बसलो. मग ते जे बोलले ते मी तुला जसंच्या तसं लिहितो, त्यात माझं काही नाही.

म्हणाले, "सिंधू तेरा वर्षं भिवापूरच्या फलाटावर माह्यासाठी डबा घेऊन उभी राह्यची. गाडी थांबे दोन मिनिटं. मी हात लांबवून डबा घेवो, कालचा खाली डबा तिले देवो, का लगेच झेंडी दाखवो. पोरगी पोटुशी होती तवाही उभी होती. 'बाबा, एक डाव उतरा, घरी चहा घ्या' म्हणे. म्या म्हणलं, रिटायर झालो का येतो. रिटायर झालो तं तुही आई बिछान्यावर पडली. सहा वर्षं तिले सोडून हालता आलं नाही. ती गेली, त्याच साली लाइन बंद. मंग तो करोना. आता कोण्या तोंडानं जाऊ? गाडी हाय तवा बाप उतरला नाही, आता रिकामा झाला तं पोरगी आठवली, असं वाटन तिले."

मी म्हटलं, "बाबा, पण मग तुम्ही कंबरदुखी, एसटीत मळमळते, हे सगळं चार वर्षं..."

"कंबर बी दुखते," ते म्हणाले. "मी येडा नाही झालो गा. घरी हे बोलाले गेलो असतो तं एकानं टीव्ही लावला असता, एकीनं भाजी परतली असती. इथं चारही जण ध्यान देऊन आयकून राहिले."

ताई, तो डबा जागचा हलत नव्हता, तरी भावनानं पदर डोळ्यांना लावून "धूळ उडून राहिली" म्हटलं. मी म्हणालो, "येत्या रविवारी नेतो." तर बाबा म्हणाले, "लेखी दे." वेदिकेनं प्रकल्पाच्या वहीचं शेवटचं पान फाडलं, त्यावर मी लिहून दिलं, भावनानं सही केली, आणि साक्षीदार म्हणून प्रेमिलाबाईंनीही केली. बाबांनी कागद दोनदा वाचला, कोटाच्या खिशात ठेवला, उठून कोट झटकला आणि प्रेमिलाबाईंना म्हणाले, "तुम्हाले सोळा मिनिटं लेट केलं. चूक गार्डाची हाय, रिपोर्टात तसं लिवा."

असो. भाऊजींना आणि शेजारच्या इंदूबाईंना नमस्कार. जास्त काय लिहू, रविवारी भेटूच.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. १ : रविवारी गाडी भाड्यानं केली आहे, साडेनऊपर्यंत पोचतो. हे सगळं मी तुला कळवल्याचं बाबांना कळू देऊ नकोस. आणि खरं सांगायचं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं, की ते दारात आले म्हणजे तू पहिलं वाक्य 'आठवण झाली वाटतं' हे म्हणू नकोस. दुसरं काहीही म्हण.

ता. क. २ : वेदिकेच्या बाईंनी प्रकल्प आज लगेच परत पाठवला. शेवटचं पान का फाडलं म्हणून विचारलंय.

ता. क. ३ : सिंधूस अनेक आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला प्रेमानंदनं माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. लिवलं बरोबर हाय, फक्त तिकीट हरवलेल्या काकांले मी माफ नाही केलं, समज दिली. बाई, मी रविवारपर्यंत थांबत नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं एकटाच येतो. प्रेमानंदला फोन करू नको, तो घाबरते. साडेदहाले स्टँडवर घ्यायला ये. तुहं घर मले माहीत नाही. — बाबा