म्हसोबाले वाहिलेली तीस वर्षांची बाटली

गुरुवार, संध्याकाळ

आबानं, माह्या बापानं, दादाची बाटली वावरातल्या म्हसोबाले वाहून टाकली. अख्खी.

दादा, माहा मोठा भाऊ, त्यानं विदेशातून आणली होती. तीस वर्षं जुनी व्हिस्की. किंमत मी दोनदा इचारून घेतली होती. "पुढच्या खेपेले येतो, तवा दोघं मिळून फोडू," म्हणे. त्याले सात वर्षं झाली. बाटली कपाटात, अन् हा तिकडंच.

पेरणीच्या आधी म्हसोबाले सारेच गावठी दारू वाहतात, मंग हे काहून? मी ओरडलोच. "आबा, तीस वर्षांची होती ना ते!"

"मंग त शिळीच झाली असंन," आबा म्हणाले.

आता यांच्यावर काय चिडू? वावराच्या धुऱ्यावर जाऊन म्हसोबाच्या दगडाचा वास घेतला. गावठीसारखाच. एवढ्या पैशाची चीज, अन् वास हाच? पण मले समजन तरी कसं, मी कुठं चाखली कधी.

घरी आलो त आबा हळूच म्हणाले, "दरसाल साधी देऊन पाह्यली. पोरगं काई येत नाई. म्हणून यंदा भारी देली."

 आता दादा खरंच आला, त त्याच्यापुढं ठेवू काय?